पचायला हलकं, साखरेला जड

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीतल्या घरात कुणाला ‘शुगर निघाली’ की स्वयंपाकघरात दोन बदल त्याच आठवड्यात होतात. चहातली साखर जाते आणि सकाळची न्याहारी ‘हलकी’ होते. भाकरी, पिठलं, धपाटे हे जड म्हणून बाजूला पडतं आणि त्याजागी मुरमुऱ्यांचा सुशीला, पोहे, उपमा किंवा चहासोबत दोन टोस्ट येतात. हे सगळं मायेपोटी होतं. आपल्या भाषेत ‘हलकं’ हा अन्नाला दिलेला प्रशस्तिपत्राचा शब्द आहे. तापातून उठलेल्याला, बाळंतिणीला, म्हाताऱ्या माणसाला हलकं द्यावं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत आणि त्या माणसांच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पण मधुमेहात हा शब्द उलटा फिरतो. पचायला हलकं म्हणजे लवकर पचणारं, लवकर पचणारं म्हणजे लवकर रक्तात उतरणारं. जिभेला गोड न लागता साखर वाढवणारं अन्न शोधायचं ठरवलं, तर ते आपल्या ‘हलक्या’ पदार्थांच्या यादीतच सापडेल.

मुरमुऱ्याचंच पाहा. साळी आधी भिजवून उकडतात, वाळवतात, सडतात आणि मग ते तांदूळ भट्टीवर तापलेल्या वाळूत टाकले की क्षणात फुलतात. म्हणजे पुडीत बांधून घरी येईपर्यंत या दाण्यावर उष्णतेचे दोन संस्कार झालेले असतात. कच्च्या दाण्यातलं पिठूळ द्रव्य, म्हणजे स्टार्च, घट्ट बांधलेल्या गाठोड्यासारखं असतं. पाणी आणि उष्णता मिळाली की ते सुटतं, फुगतं, आणि पाचकरसांना त्यात शिरायला वाट मिळते. मुरमुऱ्यात तर आत हवेची पोकळी, बाहेर कागदासारखी भिंत. पाचकरसांना करायला काम उरतच नाही. पोह्यांची गोष्ट फार वेगळी नाही, साळी भिजवून, भाजून, चेपून ते तयार होतात. टोस्ट, खारी, बटर हा तर मैदाच. सिद्धेश्वर धरणातून पाणी सोडतात तेव्हा पूर्णाकाठच्या गावांना काळजी असते ती किती पाणी सोडणार याइतकीच ते किती वेळात सोडणार याची. तेच पाणी चार दिवस कालव्याने गेलं तर हळद भिजते, एका रात्रीत दरवाजे उघडून सोडलं तर काठ खचतात. अन्नातल्या साखरेचा हिशेब असाच वेगाचा असतो. हा वेग मोजायची पद्धत, म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी १९८१ मध्ये मांडली. तिचा सगळ्यात मोठा धक्का हाच होता की काही पिष्टमय पदार्थ रक्तातली साखर खुद्द साखरेइतकी किंवा तिच्याहून जास्त वेगाने वाढवतात.

त्यात वेळ सकाळची. पहाटे उठण्याच्या आधीच शरीर दिवसाची तयारी करू लागतं. कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन यांसारखी संप्रेरकं वाढतात, यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडतं. निरोगी माणसात स्वादुपिंड थोडं जास्त इन्शुलिन सोडून हे सांभाळून घेतं. मधुमेही माणसात ते जमत नाही. म्हणून रात्री काही न खाता झोपलेला माणूस सकाळी उठून तपासतो तर साखर वाढलेलीच, आणि घरचे विचारतात, ‘रात्री काय खाल्लं होतं?’ खाल्लेलं काही नसतं, ते यकृताचं देणं असतं. अशा अवस्थेत पहिला घास पोटात जातो. टाइप २ मधुमेह असलेल्या बऱ्याच जणांमध्ये दिवसातली सगळ्यात मोठी उसळी न्याहारीनंतरच दिसते. जे ताट दुपारी एक वेळ निभावून गेलं असतं तेच सकाळी आठला महागात पडतं. आपण मात्र बरोबर याच वेळेसाठी दिवसातलं सगळ्यात वेगवान अन्न राखून ठेवलं आहे.

इथे भाकरीच्या बाजूने उभे राहणारे खूश होतील, पण त्यांनाही हिशेब चुकत नाही. १०० ग्रॅम मुरमुऱ्यांत किंवा पोह्यांत साधारण ७७ ग्रॅम कर्बोदकं असतात, ज्वारीच्या पिठात ६८ च्या आसपास. फरक आहे, पण डोळे दिपवणारा नाही. शिवाय सुशीला करताना ताटभर दिसणारे मुरमुरे वजनात ५० ग्रॅम भरतात. आपल्याकडची एक ऐसपैस भाकरी ७० ग्रॅम पिठाची सहज असते. म्हणजे भाकरीत कर्बोदकं थोडी जास्तच. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या इंडियाब या देशव्यापी पाहणीतून २०२५ मध्ये जे आहारविषयक निष्कर्ष आले, ते या बाबतीत फार स्पष्ट आहेत. आपल्या जेवणातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. आणि पांढरा भात किंवा मैदा काढून त्याजागी तेवढंच गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ ठेवलं तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. एकूण कर्बोदकं कमी करून त्यांची थोडी जागा डाळी-कडधान्यांच्या किंवा दूधदुभत्याच्या प्रथिनांना दिली, तेव्हाच धोका कमी दिसला. ‘भाकरी खा, कितीही खा’ हा सल्ला त्यामुळे अर्धवट ठरतो. जुन्या न्याहारीची खरी ताकद एकट्या ज्वारीत नव्हती. भाकरीसोबत हरभऱ्याचं पिठलं असायचं, मटकीची उसळ, जवसाची किंवा कारळाची चटणी, वाटीभर ताक किंवा दही असायचं. धपाट्याच्या पिठात बेसन मिसळलेलं असतं आणि वर दही. प्रथिनं, तेल आणि कोंडा मिळून जठराचं दार अडवून धरतात आणि पोटातलं अन्न पुढे हळूहळू सरकतं. ज्याला आपण ‘जड’ म्हणतो ते हेच सरकणं. सकाळी खाल्लं की दुपारपर्यंत भूक लागत नाही, ही तक्रार मधुमेही माणसाने आनंदाने करावी अशी आहे.

घासांचा क्रमसुद्धा या वेगात ढवळाढवळ करतो. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ मध्ये ११ मधुमेही रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. जेवण तेच, एकदा पाव आधी आणि भाजी-मांस नंतर, आठवड्याने उलट क्रमाने. भाजी आणि प्रथिनं आधी खाल्ली तेव्हा तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होती. ११ माणसांवरून जगाचा कायदा ठरत नाही हे खरं, पण उसळीची वाटी आधी संपवून मग पोह्यांना हात घालायला खर्च काही येत नाही.

मग न्याहारीच सोडली तर? हा प्रश्न आता गावातही विचारला जातो, कारण मोबाइलवर सोळा तास उपाशी राहण्याचे सल्ले फिरतात. इस्राएलच्या डॅनिएला याकुबोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये २२ मधुमेही रुग्णांना एक दिवस न्याहारी देऊन आणि एक दिवस न देता पाहिलं. दुपारचं आणि रात्रीचं जेवण दोन्ही दिवशी सारखंच. न्याहारी टाळलेल्या दिवशी दुपारच्या जेवणानंतरची साखर सुमारे ३७ टक्के आणि रात्रीच्या जेवणानंतरची सुमारे २७ टक्के जास्त चढली. दिवसाचा पहिला घास स्वादुपिंडाला जागं करतो आणि पुढच्या जेवणाला त्याचा फायदा मिळतो, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. वजन उतरवण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही जणांना लंघन मानवतही असेल, मी ते नाकारत नाही. पण ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने ठरलेला डोस घेऊन न्याहारी टाळणं, किंवा एकदम निम्मी करणं, म्हणजे घाम, थरथर आणि कधी थेट बेशुद्धीला आमंत्रण. न्याहारी बदलायची ती गोळीचा विचार करून, सांगून-विचारून.

आता कपाकडे. हिंगोलीची सकाळ चहाची आहे. कॉफी इथे पाहुणी म्हणून येते, पुडीतून किंवा लग्नाच्या मांडवातून. तरी गेल्या काही वर्षांत ‘बिनसाखरेची काळी कॉफी प्या, शुगर उतरते’ हा उपदेश तिच्यासोबत आला आहे. त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. नेदरलँड्समधल्या १७ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत, जी २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली, रोज सात किंवा अधिक कप कॉफी पिणाऱ्यांना मधुमेह होण्याचं प्रमाण दोन किंवा त्याहून कमी कप पिणाऱ्यांच्या तुलनेत निम्मं दिसलं. नंतरच्या अनेक पाहण्यांनीही तीच दिशा दाखवली. पण ही आकडेवारी मधुमेह नसलेल्या लोकांची आहे, आणि पाहणीची आहे. ज्याला आजार जडलेलाच आहे त्याच्या आजच्या सकाळी कॉफी काय करते, हा प्रश्नच निराळा. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या जेम्स लेन यांनी २००८ मध्ये शोधलं. कॉफीची सवय असलेल्या दहा मधुमेही लोकांना एक दिवस ५०० मिलिग्रॅम कॅफीन आणि एक दिवस नुसत्या निरुपद्रवी कॅप्सूल दिल्या आणि त्वचेखालच्या संवेदकाने साखर मोजत राहिले. कॅफीनच्या दिवशी जेवणांनंतरची साखर न्याहारीला ९, दुपारी १५ आणि रात्री २६ टक्के जास्त निघाली. कॅफीन शरीराला घाईच्या, धोक्याच्या मनःस्थितीत नेतं. अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि स्नायू इन्शुलिनचं ऐकेनासे होतात.

या दोन गोष्टींत विरोध वाटतो, पण तो वरवरचा आहे. कॅफीन काढून टाकलेल्या कॉफीनेही दीर्घकाळात धोका कमी दिसतो. म्हणजे उपकार असलाच तर तो कॉफीतल्या क्लोरोजेनिक आम्लासारख्या इतर द्रव्यांचा असावा आणि तात्पुरता त्रास कॅफीनचा. इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातल्या २०२० च्या प्रयोगात २९ निरोगी लोकांची झोप रात्रभर मोडली; नुसत्या मोडक्या झोपेने सकाळी फारसं बिघडलं नाही, पण त्या झोपेवर उतारा म्हणून न्याहारीच्या आधी कडक काळी कॉफी प्यायल्यावर साखरेची प्रतिक्रिया जवळपास ५० टक्क्यांनी वाढली. थोडक्यात सल्ला असा की काळी कॉफी औषध समजून उपाशीपोटी घेऊ नये, आवडत असेल तर न्याहारीनंतर घ्यावी. टपरीवरच्या दोन घोट चहात कॅफीन या प्रयोगांतल्या मात्रेच्या कितीतरी खाली असतं. तिथे गुन्हेगार कॅफीन नसून कपागणिक दोन चमचे साखर आहे. दिवसात पाच जणांशी गाठ पडली की पाच चहा होतात आणि नकार दिला तर माणूस दुखावतो. तयार कॉफीच्या गोड पुड्यांवर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिला शब्द कोणता आहे तेवढं वाचावं. आणि बिनसाखरेच्या चहात बुडवलेली ‘शुगर फ्री’ बिस्किटं? साखर नाही हे पाकिटावर खरंच लिहिलेलं असतं, पण आत मैदाच असतो, आणि पोटाला पाकीट वाचता येत नाही.

यावर कुणी रास्त शंका काढील की आमचे आजे सुशीला-पोहे खाऊन शेतात राबले, त्यांना काही झालं नाही. झालं नाही की तपासलं नाही, हा वाद सोडून देऊ. न्याहारी करून जी बाई लगेच खुरपणीला वाकते तिचे स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात. तेच पोहे खाऊन जो मोंढ्यातल्या गादीवर किंवा कचेरीतल्या खुर्चीवर बसतो, त्याच्या साखरेला जायला जागा नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात ४१ मधुमेही रुग्णांना २०१६ साली प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालायला लावलं, तर दिवसात केव्हाही एकदम अर्धा तास चालण्यापेक्षा जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली. पहाटे पाचला उठून फिरणारे आणि मग आठला पोहे खाऊन बसणारे वेळेचा थोडा फेरविचार करू शकतात. दुसरी शंका अंगकाठीची: ‘ते तर काडीसारखे आहेत, त्यांना कशाची शुगर?’ पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स नेमका सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२. बारीक दिसणाऱ्या भारतीय देहात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, आणि साखर रिचवायचं काम स्नायूंचं आहे. इंडियाबच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी त्या उंबरठ्यावरचे. हे सगळे पोट सुटलेले लोक नाहीत.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. सुशीला दहा मिनिटांत होतो, मुरमुरे स्वस्त, आणि सातला घर सोडणाऱ्या बाईने धपाटे कधी थापायचे? पण या जिल्ह्याचा शिवार पाहिला की मन थोडं कडू होतं. खरिपातली ज्वारी मागे हटली आणि सोयाबीन पसरलं. तूर आहे, हरभरा आहे. धान्य-कडधान्यांत सगळ्यात जास्त प्रथिनं ज्याच्यात ते सोयाबीन ट्रॅक्टरने मोंढ्यात जातं, तेल काढून पेंड होतं आणि घरात परत येत नाही. घरात येतात दुसऱ्या मुलखातले मुरमुरे आणि बेकरीचा माल. सोयाबीन कच्चं खाऊ नये, त्यात पचनाला अडवणारी द्रव्यं असतात. पण नीट भाजून, दळणात दहाव्या भागाइतकं मिसळलं तर भाकरीला त्याची जाणीवही होत नाही. रात्री भिजत घातलेल्या हरभऱ्याच्या घुगऱ्यांना सकाळी फक्त फोडणी लागते. रात्रीची भाकरी ताकात किंवा दह्यात कुस्करून खाणं याला गरिबीचं लक्षण मानायची गरज नाही; थंड झालेल्या स्टार्चचा काही भाग पुन्हा आवळला जातो आणि सहजी पचत नाही. अंडं चालत असेल त्याला तर काही शिकवायलाच नको.

हळदीबद्दलही बोलायला हवं, कारण वसमतच्या हळदीचा अभिमान असलेल्या मुलखात ‘पोह्यात हळद असतेच की’ असं कुणी तरी म्हणणार. थायलंडमध्ये २०१२ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४० लोकांवर झालेल्या प्रयोगात हळदीतल्या कर्क्युमिनने खरोखरच चांगला परिणाम दाखवला होता. पण तिथली मात्रा रोज दीड ग्रॅम शुद्ध अर्काची होती. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के धरलं, तर पोह्यातल्या अर्ध्या ग्रॅम चिमटीतून मिळतात १५ मिलिग्रॅम, म्हणजे शंभरावा हिस्सा. हळद रंगाला आणि चवीला घालावी, पापक्षालनाला नव्हे.

श्रावणी सोमवारी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या किंवा एकादशीला नर्सीला नामदेवांच्या पायांशी जाणाऱ्या मधुमेही माणसापुढे तर साबुदाण्याची खिचडी येते, जी वर सांगितलेल्या सगळ्या पदार्थांची मोठी बहीण आहे. साबुदाणा म्हणजे कसावाच्या कंदाचं निव्वळ स्टार्च. प्रथिनं नाहीत, कोंडा नाही. शेंगदाण्याचं कूट हीच तिची अब्रू. त्यापेक्षा थोडी भगर आणि दाट शेंगदाण्याची आमटी, सोबत दही, हा उपवास मोडत नाही. दात नसलेल्या, पोट नाजूक असलेल्या म्हाताऱ्यांना ‘जड’ सोसत नाही हाही खरा आक्षेप आहे. त्यांना मऊ शिजवलेली मूगडाळ, पातळ पिठलं, ज्वारीच्या कण्या ताकात, असं मऊ द्यावं. मऊ आणि वेगवान या दोन गोष्टी एक नाहीत, घोटाळा तिथेच होतो.

शेवटी कुणाच्या शरीरात कोणता पदार्थ किती चढतो हे छापील तक्ता सांगू शकत नाही. ग्लुकोमीटरच्या पट्टीला पैसे पडतात हे मान्य, पण रोज उपाशीपोटीच मोजण्याऐवजी त्यातल्या चार पट्ट्या न्याहारीसाठी ठेवाव्यात: एका सकाळी नेहमीचा सुशीला, खाण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा, दुसऱ्या सकाळी तोच सुशीला, पण निम्मे मुरमुरे. दोन तासांनंतरचा आकडा साधारणपणे १८० च्या आत हवा, वय आणि औषधं पाहून डॉक्टर थोडा वेगळाही सांगतील. निम्म्या मुरमुऱ्यांची जागा भरायला बाहेरून काही आणावं लागत नाही. अनेक घरांत सुशीला करताना डाळव्याचं कूट आणि शेंगदाणे घालतातच. ते चमच्याने न घालता वाटीने घालायचे, वर मोड आलेली वाफवलेली मटकी. चव बदलते, थोडी जडच लागते.